खालून बघणाऱ्या गावंडे मॅडम

गावंडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका बाभळीला आरसा दाखवत होत्या.

कारंज्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो. कँटीनच्या मागे पडीक जागा होती आणि तिथे एक म्हातारी, वाकडी बाभूळ होती. तिच्यापाशी पन्नाशीच्या एक बाई उकिडव्या बसल्या होत्या. साडीचा पदर खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी, हातात बांगडीवाल्याकडे असतो तसा छोटा गोल आरसा. खोडातून घोड्याच्या खुरासारखं काहीतरी काळपट, भेगाळलेलं बाहेर आलं होतं, आणि बाई त्याच्याखाली आरसा धरून, मान तिरकी करून त्यात पाहत होत्या. मला वाटलं, बाईंच्या डोळ्यात काही गेलं असावं. मी विचारलं, "काही मदत करू का?"

"खाली बसा," त्या म्हणाल्या. मी बसलो. त्यांनी आरसा माझ्याकडे कलता केला. त्या खुराची खालची बाजू तपकिरी आणि मखमलीसारखी होती, आणि नीट पाहिलं तर सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांनी भरलेली.

"वरून पाह्यलं तं नुसता रंग दिसते," त्या म्हणाल्या. "याले ओयखाचं तं खालूनच पाहा लागते. तुमी नवे काय? इतिहासवाले?"

अशी आमची ओळख झाली. त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. वर्गात पुस्तकी मराठी बोलत आणि वर्गाबाहेर पाय टाकला की धनजची वऱ्हाडी. धनज हे त्यांचं माहेर, कारंज्यापासून जवळच. मी साताऱ्याकडचा. पहिले काही महिने त्यांचं अर्धं बोलणं मी अंदाजाने समजून घेत असे.

झाडांच्या खोडांवर, ओंडक्यांवर, तोडलेल्या बुंध्यांवर फळीसारखी जी बुरशी वाढते, ती ओळखणं हा त्यांचा आयुष्यभराचा नाद होता. तिला आपल्याकडे धड नावही नाही. कोणी झाडाचे कान म्हणतं, कोणी लाकडाचं फूल, बहुतेक लोक काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांना ती दिसतच नाही. मॅडमसोबत थोडं फिरल्यावर मलाही दिसायला लागली. मेलेल्या फांदीवर शेंदरी रंगाची पातळ चकती. जुन्या आंब्याच्या लाकडावर खालून मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी खिडक्यांची. सरपणाच्या ढिगावर पांढरी, लवदार, नखाएवढ्या पंख्यासारखी, आणि खाली छिद्रांऐवजी चुण्या. मॅडम आधी झाड कुठलं ते पाहत, मग ते जिवंत की मेलेलं, मग बुरशी खोडावर किती उंचीवर आहे, मग तिला बोटाने दाबून, नाकाशी नेऊन पाहत, आणि सगळ्यात शेवटी आरसा. तोडणं अगदीच गरज पडली तर.

"तोडून काय होते?" त्या म्हणत. "ही तं दुकानाची पाटी हाय. पाटी काढली म्हनून दुकान बंद होत नाही. दुकान अंदर चालू राहते."

एवढं सगळं करूनही त्यांच्या तोंडून नाव यायचं ते असं: "हा फेलिनस असावा." नुसतं 'आहे' त्या क्वचितच म्हणत. मुलांनी त्यांचं नावच 'असावं मॅडम' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. परीक्षेत एखाद्या मुलाने उत्तरात 'असावे' लिहिलं तर त्या त्याला पूर्ण गुण देत, यावरून प्राचार्यांशी त्यांचं एकदा वाजलंही होतं.

त्या एकट्या राहत. यजमान लवकर गेले होते, मुलगी लग्न होऊन नाशिकला होती. आमची घरं एकाच गल्लीत. एकदा माझी बायको साखर आणायला त्यांच्याकडे गेली. मॅडम न्हाणीघरात होत्या, "घ्या तुमीच डब्यातून" म्हणाल्या. बायकोने फळीवरचा डबा उघडला तर त्यात वाळलेल्या बुरशा, एकीवर एक रचलेल्या. दुसरा उघडला, त्यातही त्याच. तिसऱ्यात साखर सापडली, पण तिने ती घेतली नाही. खिडकीत पांढऱ्या कागदांवर ताज्या बुरशा पालथ्या ठेवलेल्या असत. खालच्या छिद्रांतून बारीक पूड गळून कागदावर तिचा ठसा उमटे, कधी पांढरा, कधी कोकोसारखा तपकिरी. पंखा लावायचा नाही, हा त्या खोलीचा नियम होता. उन्हाळ्यातसुद्धा.

पुढे पुढे लोक त्यांना फोनवर फोटो पाठवत. जुने विद्यार्थी, शिक्षक, वनखात्यातला एखादा तरुण. चहा पिता पिता त्या चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाशी नेत आणि एकाच बोटाने उत्तर टाइप करत. उत्तर ठरलेलं असे: "खालून काढा."

एकदा आम्ही शिरपूरला गेलो होतो. कॉलेजची सहल होती, जुनं जैन मंदिर पाहायला. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जण जडीबुटी मांडून बसला होता. त्याच्यापुढे लालसर, वार्निश लावल्यासारख्या चमकणाऱ्या बुरशा होत्या. शुगर, बीपी, गुडघे, सगळ्यावर चालतं, असं तो सांगत होता. मुलं पुढे गेली, मॅडम तिथेच बसल्या. एक एक उचलून उलटी करून पाहिली आणि दोन ढीग केले.

"हे एक नाही, दोन हाय," त्यांनी त्याला सांगितलं. "हा गॅनोडर्मा असावा. अन हे दुसरंच काही हाय. याच्यावर तुमी तेल लावलं."

माणूस हसला. त्याने तेल लावल्याचं नाकारलं नाही. मग अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, तुमी शिकलेल्या दिसता. यानं फायदा होते का नाही, खरं सांगा."

"मले माहीत नाही."

"मंग म्या लोकाईले काय सांगू?"

"हेच सांगा. माहीत नाही म्हना."

तो जरा वेळ विचारात पडला. "असं सांगून कोन घेईन?" तो म्हणाला. मॅडमनीही त्यावर विचार केला आणि त्यांना त्याचं म्हणणं पटल्यासारखं दिसलं. उठताना त्यांनी तेल लावलेला ढीग बाजूला ठेवायला लावला आणि त्याने तो ठेवला. आम्ही मंदिरातून परत आलो तेव्हा दोन्ही ढीग पुन्हा एक झाले होते. मॅडमनी ते पाहिलं. त्यांना लबाडीचा राग आला नव्हता. 'माहीत नाही' या उत्तराचा कोणाला उपयोग होतो, हा प्रश्न त्यांना छळत होता. पुढे धनजला तोच प्रश्न त्यांच्या घरात येऊन उभा राहिला.

धनजच्या शाळेच्या आवारात एक मोठा निंब होता. मॅडमच्या वडिलांनी लावलेला. वडील शेतकरी, शाळेत कधी गेले नाहीत, पण मुलं उन्हात बसतात म्हणून त्यांनी तो लावला आणि दोन उन्हाळे घरून पाणी नेऊन घातलं, असं मॅडम सांगत. त्यांचे थोरले भाऊ नामदेवदादा शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते. झाडाचा विषय निघाला की ते "आमच्या बाबाचा निंब" म्हणत. दुपारची खिचडी मुलं त्याच्याच सावलीत खात, आणि पहिली-दुसरीची टिनाची खोली अगदी त्याच्या बुंध्याला लागून होती.

शाळेत झाडांविषयी बोलायला मॅडमना बोलावलं होतं. स्कूटरवर मी त्यांना घेऊन गेलो. भाषण झालं, मुलांनी आरशात पाहण्यासाठी झुंबड केली. मग मॅडम सवयीने निंबाला फेरी मारायला गेल्या. खोलीकडच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, जमिनीलगत बुंध्यातून ताटाएवढी बुरशी आली होती. एकीवर एक, तीन मजली. आजूबाजूच्या पाल्यावर तपकिरी पूड पसरलेली. मॅडमनी आरसा काढलाच नाही. पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढला आणि दोन मुळांच्या मधे टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

त्या तशाच बसून राहिल्या. नामदेवदादा हातात चहाचे कप घेऊन आले.

"दादा," मॅडम म्हणाल्या, "हे झाड काढा लागन."

"कोन्तं?"

"हे. बाबाचं."

दादा आधी हसले. "वर पाहाय जरा. पाला पाह्यला का त्याचा? यवढं हिरवं झाड बिमार हाय म्हनतं?"

"पाला वर हाय. बिमारी खाली हाय."

"मंग किती दिवस राहीन उभं?"

"सांगता येत नाही. यंदा पडन. नाही तं दहा वर्सं बी राहीन."

"तुले पक्कं माहीत नाही, अन झाड काढाले सांगतं?"

"खाली लेकरं बसतेत, दादा."

दादांनी कप खाली ठेवले आणि आत निघून गेले. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. झाड खरोखरच फार सुंदर होतं.

पुढचे काही महिने मॅडम पुन्हा पुन्हा धनजला जात राहिल्या. आधी म्हणाल्या, खोली हलवा, झाड राहू द्या. पण दुसरी जागा नव्हती. फांद्या कमी करून पाहू म्हणाल्या, पण जिथे मुळंच धरत नाहीत तिथे फांद्या छाटून भागणार नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच पटत होतं. शेवटी ग्रामसभेत उभ्या राहून त्यांनी सांगितलं की झाड काढावं. लोक चकित झाले. याच बाई दोन वर्षांपूर्वी कामरगावला एका शेतकऱ्यावर चिडल्या होत्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असलेल्या शेजाऱ्याच्या आंब्याला बुरशी लागली, म्हणून तो तोडायला लावा, असा त्याचा आग्रह होता. मॅडमनी जाऊन पाहिलं आणि बुरशी फक्त वाळक्या फांदीवर आहे, झाडाला हात लावायचा नाही, असं ठणकावून सांगितलं होतं. सभेत कोणीतरी ते आठवून म्हणालं, "बाई, परक्याचं झाड वाचवता अन बापाचं पाडता?" मॅडम म्हणाल्या, "ते पाहून सांगतलं, हे बी पाहूनच सांगून राह्यली." दादा सभेत होते. ते मान खाली घालून बसले आणि मत कुठल्याच बाजूने दिलं नाही.

लहान मुलांच्या आयांनी हात वर केले म्हणून ठराव झाला. परवानगी आली. दिवाळीच्या सुट्टीत मशीनची करवत घेऊन माणसं आली. मॅडमनी मला बरोबर चला म्हटलं, एरवी त्या असं कधी म्हणत नसत.

झाड पडायला दुपार झाली. गाव जमलं होतं. करवत जमिनीपासून हातभर वर चालवली होती, आणि बुंधा मोकळा झाला तेव्हा सगळे पुढे सरकले. काप लालसर, घट्ट, ओला. कुठेही पोकळी नाही. निंबाचा तो कडसर वास सगळीकडे पसरला होता. नामदेवदादांनी वाकून त्या कापावर तळहात ठेवला.

"कुठं हाय तुही बुरशी?"

"मुळाईत, दादा. खाली हाय."

"खाली कोन पाहाले जाते?" दादा म्हणाले, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

परत येताना मी मॅडमना म्हणालो, "आपण खणून दाखवू या ना मुळं. म्हणजे त्यांची खात्री पटेल."

"कोनाले दाखवू? दादाले खोटं पाडाले?" स्कूटरच्या आवाजात त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं. "सर, झाड आपोआप पडलं असतं, तं मी बरोबर ठरली असती. पन तवा खाली कोनाचं तरी लेकरू असतं. मी बरोबर ठरू नये, म्हनूनच तं हे केलं." मग बऱ्याच अंतरानंतर म्हणाल्या, "आता ते पडलं असतं का नसतं, हे कोनालेच कधी समजनार नाही. मले बी."

भाऊबीजेला त्या धनजला गेल्या. दादा शेतात गेले होते. वहिनींनी जेवायला वाढलं, पुन्हा पुन्हा वाढलं. मॅडम ओवाळणीचं ताट तयार करून ऊन उतरेपर्यंत बसल्या आणि शेवटच्या गाडीने परत आल्या. पुढच्या वर्षीही तसंच झालं. त्याविषयी त्या बोलत नसत. फक्त एकदा, खिडकीतल्या कागदावरचा ठसा मला दाखवता दाखवता, मधेच म्हणाल्या, "कधी कधी वाटते, राह्यलं असतं ते झाड." आणि पुन्हा ठशाकडे वळल्या.

मग एका पावसाळ्यात धनजच्या शाळेतल्या गुरुजींचा त्यांना फोन आला. मी तिथेच बसलो होतो. गुरुजी आनंदात होते. उरलेल्या बुंध्याभोवती, खोलीच्या बाजूला, मुळांवरून चहूकडे बुरशी उगवली होती. गाव येऊन पाहत होतं. "मॅडम, तुमचं खरं निघालं," ते म्हणत होते.

मॅडमनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "गुरुजी, मेलेल्या लाकडावर तं ते येतेच. झाड चांगलं असतं तरी तोडल्यावर आलं असतं. त्यानं काही सिद्ध होत नाही. लोकाईले असं सांगू नका."

फोन ठेवल्यावर मी वैतागून म्हणालो, "मॅडम, इतक्या दिवसांनी लोक तुमच्या बाजूने होत होते. गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं?"

"चुकीच्या कारनानं झाले असते," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

ही गोष्ट गुरुजींनी दादांच्या कानावर घातली असणार. थोड्याच दिवसांत, सकाळी अकराच्या सुमाराला, नामदेवदादा कारंज्याला मॅडमच्या दारात आले. मी निघायला लागलो, मॅडमनी हातानेच बसा म्हटलं. दादा खुर्चीच्या कडेवर बसले. बराच वेळ खिडकीतल्या कागदांकडे पाहत राहिले.

"गुरुजी म्हनत होते," ते म्हणाले, "बुरशी आली तरी तू म्हनतं, त्यानं काही सिद्ध होत नाही."

"नाही होत."

"अन तुले तवा बी पक्कं माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"मंग कायले भांडली यवढी? माह्याशी?"

मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला. "भेव वाटलं, दादा."

एवढंच. दादांनी मान हलवली. एखादं क्लिष्ट कारण ऐकायच्या तयारीने ते आले होते आणि हे कारण त्यांना ओळखीचं निघालं, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. थोड्या वेळाने म्हणाले, "बाबाले बी असंच भेव वाटे. आपल्याले इहिरीकडं जाऊ देत नव्हता. लय मार खाल्ला म्या त्याच्यापाई." मॅडम हसल्या. मग दादांनी विचारलं, "शेतातल्या आंब्याले काहीतरी आलं हाय. पाहून देतं का?"

त्यानंतर मॅडमना मी पुष्कळदा भेटलो. पुढच्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या, दवाखान्यातही भेटायला गेलो, त्यांच्या शेवटच्या दिवसांत नाशिकहून मुलगी येऊन राहिली होती. पण त्यांची आठवण काढली की मला दिसते ती धनजच्या शेतातली ती दुपार.

आंबा जुना होता. त्याच्याखाली दादांची बाज टाकलेली असे, दुपारी ते तिथे पडत. मॅडमचे गुडघे तोवर गेले होते. खोडापाशी वाकायचं तर दादांनी मागून त्यांच्या दोन्ही दंडांना धरलं आणि हळूहळू खाली बसवलं. त्यांनी बुंधा पाहिला, मुळांमधली माती चाचपली, मग मान वर करून पश्चिमेकडची जाड फांदी बराच वेळ न्याहाळली. तिच्या बेचक्यात बुरशीच्या दोन-तीन फळ्या होत्या.

"ही फांदी काढून टाक," त्या म्हणाल्या. "बाकी झाड राहू दे."

"पक्कं?"

"पक्कं नाही."

दादांनी मॅडमना धरून उठवलं. मग बाजेचं एक टोक उचललं आणि ती ओढत ओढत, ढेकळांवरून आदळत, झाडाच्या दुसऱ्या बाजूला नेली, त्या फांदीच्या सावलीबाहेर. तिथे ऊन येत होतं. त्यांनी हाताने बाज झटकली आणि सरकून बहिणीला जागा करून दिली.

मला कॉलेजात परत जायचं होतं. धुऱ्यावरून स्कूटर वळवताना मी मागे पाहिलं. दोघं बाजेवर पाय खाली सोडून बसले होते, डोक्यावर ऊन घेऊन. दादा काहीतरी सांगत होते आणि मॅडम ऐकत होत्या.